पंधरा वर्षांच्या गाडीची तपासणी होते, दोन वर्षांच्या रस्त्याची कोण करणार?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि तालुका ते जिल्हा असा तुमचा नेहमीचा प्रवास असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचाच. यात तुमचेही पैसे आहेत.

गेल्या रविवारी मी माझ्या गाडीचे शॉकअप स्वतः बदलले. गाडी २००९ची वॅगन आर. अंगणात गाडीखाली आडवा पडलोय, हातभर ग्रीस लागलंय, असा एक फोटो बायकोने काढला आणि मी तो स्टेटसला ठेवला. त्यावर जे आलं ते असं. एकाने लिहिलं, "पत्रकारिता सोडली का भाऊ?" दुसऱ्याने लिहिलं, "मिस्त्रीच्या पोटावर पाय कशाला देता?" तिसरा आमच्यातलाच, त्याने लिहिलं, "भंगारात काढा आता, नवीन घ्या, जीएसटी कमी झालाय." आणि रात्री नऊ वाजता एका ठेकेदार मित्राचा फोन आला. हसत हसत म्हणाला, "राव, खड्ड्यांवर पोस्ट टाकणार नाही ना?"

टाकतोय. चौघांनाही एकत्रच उत्तर देतो.

शॉकअप का गेले, इथून सुरुवात

माझी आई दीड वर्षापासून डायलिसिसवर आहे. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागतं. एका बाजूने ४६ किलोमीटर. जाऊन येऊन ९२, आठवड्याचे १८४. आई मागच्या सीटवर बसते. ज्या हाताला फिश्चुला केलाय तो हात ती छातीशी धरते आणि दुसऱ्या हाताने दरवाजाच्या वरची दांडी घट्ट पकडते. जाताना एकवेळ ठीक असतं. येताना अंगातलं त्राण गेलेलं असतं, दांडी धरायलाही ताकद नसते. मग प्रत्येक खड्ड्याला ती आधी सीटवर आपटते आणि मग दरवाजाकडे झुकते. बोलत काही नाही. घरी आल्यावर मात्र तासभर कूस बदलत नाही.

दिवाळीनंतर गाडीचा मागचा भाग नाचायला लागला. खड्डा गेला तरी गाडी दोन-तीनदा वर-खाली व्हायची. मागून खट खट आवाज. मागच्या टायरवर हात फिरवला तर गुळगुळीत नाही, उंचवटे लागतात. शॉकअप गेल्याची ही सगळी ठरलेली लक्षणं. तुम्हीही तपासू शकता. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन गाडी थांबली तर ठीक. डोलत राहिली तर शॉकअप संपला. मग खाली वाकून बघा, शॉकअपच्या नळीवर तेल आणि त्यावर धुळीचा चिखल चिकटला असेल तर शंकाच नको.

आता हिशेब. गाडीसोबत आलेले शॉकअप २००९ ते २०१६, सात वर्षं चालले. दुसरा जोड २०२४ पर्यंत, आठ वर्षं. तिसरा जोड फेब्रुवारी २०२४ मध्ये टाकला, तो दोन वर्षंसुद्धा टिकला नाही. "डुप्लिकेट माल असेल" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, बिल आहे, खोकं आहे, कंपनी तीच जी आधी होती. माझं फिरणं वाढलं हे मान्य. पण या जोडाचं एकूण रनिंग वीस हजार किलोमीटरही नाही. एवढ्यात चारही शॉकअप जात नसतात. दुकानदाराकडे वॉरंटीचं विचारायला गेलो. त्याने बघितलं आणि सरळ सांगितलं, "साहेब, खड्ड्याने गेलेल्याला वॉरंटी नसते."

म्हणजे काय, तर शॉकअप खड्ड्याने गेला हे त्या दुकानदाराला एका नजरेत कळतं. ज्यांचा रस्ता आहे त्यांना कळत नाही.

मग स्वतः का बदलले?

आधी रीतसर एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी. अर्ध्या तासाने कागद हातात आला : चार शॉकअप, वरचे माउंट, स्प्रिंग, बुश, मजुरी, सगळं धरून १७,६०० रुपये. मी विचारलं, स्प्रिंग कशाला? म्हणाला, "सर, कंप्लीट असेंब्लीच बदलावी लागते." मी म्हटलं, गाडी वर घ्या, मला दाखवा. म्हणाला, "कस्टमरला आत अलाऊड नाही."

डोकं तिथं फिरलं. वीस वर्षं पत्रकारितेत काढली. डिप्लोमाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की जो माणूस "आत येऊ नका" म्हणतो, तिथं आधी आत जायचं.

तसाच आमच्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे गावातले जुने मिस्त्री, बसस्टँडमागं टपरीवजा गॅरेज. त्यांनी गाडीखाली वाकून दोन मिनिटं बघितलं. म्हणाले, "भाऊ, स्प्रिंगला काही झालं नाही. मागचे शॉकअप तर तुम्ही घरी बदलाल. दोन नट-बोल्टचं काम आहे. पुढचं मात्र स्प्रिंगसकट असतं, ते खोलून माझ्याकडे आणा. स्प्रिंगच्या नादी लागू नका, मान जाईल."

आता "पोटावर पाय" म्हणणाऱ्या मित्राला उत्तर. चाचांनीच मला शिकवलं, चाचांनीच पाने दिले, आणि पुढच्या कामाचे पैसे चाचांनीच घेतले. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत म्हणून चाचांचं गॅरेज चालतं. त्यांच्या पोटावर पाय माझ्या पान्याने येत नाही. "कंप्लीट असेंब्ली" म्हणणाऱ्यांमुळे येतो, आणि "भंगारात काढा" म्हणणाऱ्यांमुळे येतो.

काम कसं केलं, हे मुद्दाम सविस्तर सांगतो

सविस्तर अशासाठी की शॉकअप म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. तो स्प्रिंगला आवरतो. आत नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रं व झडपा. चाक खड्ड्यात गेलं की दट्ट्या तेलातून ढकलला जातो. तेल त्या छिद्रांतून रेटून जातं, त्यात धक्क्याचा जोर खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, गरम लागेल. शॉकअप नसेल तर स्प्रिंग नुसती उसळत राहील. आणि चाक उसळलं म्हणजे तेवढा वेळ ते रस्त्याला धरून नाही, म्हणजे तेवढा वेळ ब्रेकही नाही. म्हणून शॉकअप हा आरामाचा विषय नाही. ब्रेक लावल्यावर गाडी कुठं थांबेल, याचा तो विषय आहे.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. सकाळी सपाट फरशीवर गाडी घेतली. मागचा भाग उचलायचा असेल तर हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो आणि ती तर हवेत जाणार. गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. जॅकने उचलली आणि बॉडीखाली दोन्हीकडे लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. विटांवरही नाही, वीट न सांगता फुटते. हा एक नियम पाळणार नसाल तर पुढचं वाचूच नका, गाडी मिस्त्रीकडे द्या.

चाकं काढली. दुसरा जॅक मागच्या अ‍ॅक्सलखाली टेकवला, नुसता आधाराला. कारण शॉकअप सुटला की अ‍ॅक्सल खाली लोंबतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो, स्प्रिंग जागची हलू शकते. मग खालचा बोल्ट, मग वरचा नट. डावीकडचा वीस मिनिटांत निघाला. उजवीकडच्या खालच्या बोल्टाने दीड तास खाल्ला. गंजून बुशच्या नळीत चिकटला होता. स्प्रे, हातोडी, पान्याला लांब पाइप लावून जोर, पुन्हा स्प्रे. शेवटी कुईं असा आवाज करून सुटला तेव्हा शेजारच्या गच्चीवरून टाळ्या आल्या.

जुना शॉकअप जमिनीवर उभा करून दाबला. सायकलचा फाटका पंप दाबावा तसा विनासायास आत गेला आणि तिथंच राहिला. नवीन दाबायला सगळं अंग टाकावं लागलं. जुन्याचं रबर बुश फाटून अर्धं झालेलं. खट खट आवाज तिथून येत होता. हे दोन्ही जुने शॉकअप मी टाकलेले नाहीत. माझ्या टेबलावर ठेवलेत. का, ते पुढं सांगतो.

नवीन बसवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शॉकअप जोडीनेच बदलायचे, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असं करायचं नाही. दोन, खालचा बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचा नाही. हलका लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची आणि वजन आल्यावर आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किती ताकदीने आवळायचं याचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. गाडीसोबत जे पुस्तक मिळतं, त्यात नसतो. मला तो चाचांच्या तेलकट वहीत मिळाला.

पुढचे दोन्ही शॉकअप स्प्रिंगसकट खोलून स्कूटरवर चाचांकडे नेले. पुढं स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. वरचा मधला नट स्प्रिंग न दाबता सोडला तर ती गोळीसारखी सुटते. चाचांकडे ती दाबून धरायचा शिकंजा आहे आणि तीस वर्षांचा हात आहे. ते काम मी केलं नाही, तुम्हीही करू नका. नंतर घरी आणून बसवले आणि व्हील अलाइनमेंट करून घेतली. पुढचे शॉकअप हलवले की ती करावीच लागते.

खर्च लिहून ठेवलाय. मागचा जोड २,३४०. पुढचा जोड ३,९००. पुढचे माउंट व रबरं १,१५०. चाचांची मजुरी ९००. अलाइनमेंट ४५०. स्प्रे १९०. एकूण ८,९३० रुपये. त्या एसीवाल्या कागदाच्या जवळपास निम्मे.

हा फरक कुणाचा?

हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला देशातल्या १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात, स्वतंत्र मिस्त्रींना मिळू दिली जात नाहीत. पुढं अपिलं झाली, ती वेगळी गोष्ट. पण मुद्दा सरकारी कागदावर आला. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं, त्यात वाहनं हा एक गट आहे. चांगलं आहे. पण चाचांना पोर्टल माहीत नाही, आणि टॉर्कचा आकडा अजून त्यांच्या वहीतच आहे.

असो. सर्व्हिस सेंटरवर माझा राग आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. त्याने शॉकअप मोडला नाही. मोडणारा वेगळाच आहे.

गाडीला फिटनेस, रस्त्याला?

२०२४ला माझ्या गाडीला पंधरा वर्षं झाली. कायद्याने पुनर्नोंदणी करावी लागते. मी केली. १ एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झालीय, ती भरली. वर पर्यावरण कर भरला. गाडी तपासणीला नेली. लाइट बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न, नंबरप्लेट, सगळं बघितलं. पाच वर्षांनी पुन्हा न्यायची आहे. माझी याला हरकत नाही, नीट ऐका. जुनी गाडी तपासलीच पाहिजे. तिचे ब्रेक फेल झाले तर मरणारा माणूस दुसरा कुणीतरी असतो.

पण ज्या रस्त्यावरून ती गाडी चालते, तो रस्ता दोन वर्षांचा आहे. त्याची तपासणी कुणी केली? तपासणीचं प्रमाणपत्र कुठं लावलंय? नापास झाला तर कुणाची नोंदणी रद्द होते?

४६ किलोमीटरमध्ये मी १९ गतिरोधक मोजले. त्यातल्या पाचांच्या आधीच फलक आहे. पांढरे पट्टे दोनांवर. एका गावाजवळचा टेप लावून मोजला. उंची आठ इंच, रुंदी जेमतेम दोन फूट. आता इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक बघा. आयआरसी ९९ म्हणतं की गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. म्हणजे बारा फूट रुंद, चार इंच उंच. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सहज गेली पाहिजे, असा त्याचा हिशेब आहे. आपल्याकडे उंची दुप्पट आणि रुंदी सहाव्या हिश्शाची. हा गतिरोधक म्हणायचा का बांध? गावात अपघात होतात, लोक मागणी करतात, ते बरोबरच आहे. पण मागणी गतिरोधकाची होती, भिंतीची नव्हती.

खड्ड्यांचंही तेच. खड्डा कसा बुजवायचा याचंही मानक आहे, आयआरसी ८२. खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापायच्या, सैल खडी आणि माती काढायची, आत कोरडं करायचं, डांबराचा हात द्यायचा, मग थरांनी डांबर-खडी भरून दाबायची. आमच्याकडे काय होतं? ट्रॅक्टरमधून मुरूम ओतला, फावड्याच्या पाठीने थापटला, पुढं चला. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि खड्डा हातभर मोठा होऊन परत येतो. त्यात आपली काळी माती. पाणी मुरलं की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या मातीवर रस्ता टिकवायचा तर खाली नीट पाया हवा आणि बाजूला वाहती नाली हवी. आमच्या रस्त्याला नाली कागदावर असेल तर असेल. जमिनीवर तिच्यात बाभळी उगवल्यात. वर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. हे सगळं रस्ता बांधताना माहीत नव्हतं का? काळी माती निजामाच्या आधीपासून इथंच आहे. कारखाना काही काल आलेला नाही.

आणि आता मजा बघा

खड्ड्याने माझा शॉकअप मोडला. मी नवीन घेतला. त्यावर जीएसटी १८ टक्के. सप्टेंबर २०२५ पर्यंत तो २८ टक्के होता. माझ्या ७,३९० रुपयांच्या सुट्या भागांत ११२७ रुपये जीएसटी आहे. म्हणजे रस्ता बनवताना मी पेट्रोलवर रस्ते उपकर दिला, गाडी घेताना एकरकमी कर दिला, पंधरा वर्षांनी पुन्हा फी आणि पर्यावरण कर दिला, आणि रस्ता खराब निघाल्यावर त्याच्या भरपाईवरही मीच कर दिला. दुकानात एखादी वस्तू फोडली तर दुकानदार पैसे मागतो. इथं माझी वस्तू त्यांनी फोडायची आणि पावतीवर कर मी भरायचा.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल यात मानकं पाळली नाहीत तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. वाचून बरं वाटतं. पण अट अशी की त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालात २०२२ या एका वर्षात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसं मेल्याची नोंद आहे. ज्या देशात खड्ड्याने एवढी माणसं मरतात तिथं दंडाची कमाल एक लाख.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्या, समित्या नेमा आणि पैसे जबाबदार अधिकारी, ठेकेदारांकडून वसूल करा. न्यायालयाला मनापासून धन्यवाद. आपल्या तालुक्यात किती जणांना हे माहीत आहे? दुधाच्या कॅन घेऊन जाणारा जो पोरगा श्रावणात घसरून पडला, दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता, त्याच्या घरी परवा गेलो तेव्हा कळलं, त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम कुणाचं होतं? आमचं. पत्रकारांचं.

इथं मला स्वतःबद्दल बोललं पाहिजे

ज्याने विचारलं "पत्रकारिता सोडली का", त्याला उत्तर. भाऊ, या रस्त्यापुरती मी ती दोन वर्षांपूर्वीच सोडली होती.

या रस्त्याच्या भूमिपूजनाची बातमी माझीच आहे. तीन कॉलम, फोटोसह. नारळ फुटला, टिकाव मारला, "तालुक्याच्या विकासाला गती" असं हेडिंग मीच दिलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाची शुभेच्छांची जाहिरात आली. माझं कमिशन मला मिळालं. काम सुरू असताना खडीचा थर किती, डांबर किती, रोलर किती वेळा फिरला, हे बघायला मी एकदाही गेलो नाही. बस त्याच रस्त्याने जायची, मी खिडकीशी बसलेलो असायचो. काम कधी संपलं तेसुद्धा मला लोकार्पणाच्या निमंत्रणावरून कळलं. तीही बातमी केली.

गाडीखाली पाठीवर पडून तो गंजलेला बोल्ट सोडवताना दीड तास होता माझ्याकडे. तेव्हा हे सगळं आठवलं. त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी "गाडी वर घ्या, मला दाखवा" म्हणालो, कारण पैसे माझे होते. रस्त्याचे पैसेही माझेच होते. तिथं मी "दाखवा" म्हणालो नाही. छोट्या गावातला पत्रकार जाहिरातीवर जगतो हे खरं आहे, घर चालवायचं असतं हेही खरं. पण त्या अर्ध्या पानाचं कमिशन आणि आईची पाठ, हा सौदा मी केला होता हेही तितकंच खरं आहे. ठेकेदार मित्रा, तुझा राग येत नाही असं नाही. पण तुझ्या आधी स्वतःचा येतो.

म्हणून सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. दहा रुपये फी, १५० शब्दांची मर्यादा, विषय एकच. रस्त्याचा दोष दायित्व कालावधी किती, तो कधी संपतो, आणि त्या काळात ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेण्यासाठी किती पत्रं पाठवली, त्यांच्या प्रती द्या. रस्त्याच्या सुरुवातीला ही माहिती लिहिलेला फलक असतो. आमचा एका ट्रॉलीने आडवा केलाय, तोंड जमिनीकडे. उचलून बघितला, नेमकी तीच ओळ खरवडली गेलीय. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. जे येईल ते इथंच टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन.

मागणी काय?

१. दोष दायित्व कालावधीतल्या प्रत्येक रस्त्याची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर जाहीर तपासणी व्हावी, गावकऱ्यांच्या समोर. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गाडीला जमतं तर रस्त्यालाही जमेल.

२. मानकाबाहेरचे गतिरोधक काढून मापाचे करा. एकही कमी करू नका, मापाचे करा. त्याआधी फलक आणि पट्टे लावा.

३. मुरूम टाकून खड्डा बुजवल्याचं बिल पास करू नका. पास करणाऱ्याचं नाव जाहीर करा.

४. कलम १९८-अ मधली मृत्यू किंवा अपंगत्वाची अट काढा. माणूस मरेपर्यंत थांबणारा कायदा कामाचा नाही.

आणि तुम्ही काय करायचं? शॉकअप, टायर, रिम, बॉल जॉइंट, काहीही खड्ड्याने गेलं तर बिल फेकू नका. बिलावर मिस्त्रीकडून कारण लिहून घ्या. जुन्या भागाचा फोटो काढा. खड्ड्याचा फोटो काढा, किलोमीटरच्या दगडासकट. मला पाठवा. महिन्याभरात या एका रस्त्याचा हिशेब मांडू की लोकांच्या खिशातून किती गेले. माझे दोन्ही जुने शॉकअप टेबलावर आहेत ते यासाठीच. रस्त्याचं बिल पास झाल्याचे कागद कार्यालयात आहेत, ते नापास झाल्याचे पुरावे आपल्या घराघरात पडलेत. ते एकत्र आणायचेत, एवढंच.

ज्यांना जमेल त्यांनी गाडीखाली एकदा जरूर वाकून बघा. बदलणं जमलं नाही तरी चालेल, बघणं जमलं पाहिजे. "असेंब्ली" म्हणणाऱ्याला आणि "रस्ता चांगला झालाय" म्हणणाऱ्याला, दोघांनाही मग एकच शब्द म्हणता येतो : दाखवा.

मंगळवारी आईला घेऊन गेलो. येताना निम्म्या वाटेवर तिने विचारलं, "रस्ता केला का रे यांनी?" मी म्हटलं, नाही आई, शॉकअप बदलले. ती म्हणाली, "मग ते दुसऱ्यांनी काय करायचं?"

तिच्यासोबत डायलिसिसला आमच्या भागातले आणखी सहा जण येतात. त्यातले दोघे एसटीने.

(शेअर करायला परवानगीची गरज नाही. नाव ठेवलं नाही तरी चालेल, मागण्या मात्र ठेवा.)